ड्रम्स, ढोल आणि सेसना: ईआर २० एक्सएस इअरप्लग वर्षभर वापरून

गेल्या वर्षी जुलैत, वैद्यकीय तपासणीच्या वेळी, मी पहिल्यांदा माझ्या कानांचा, म्हणजे कोणत्या पट्टीतलं किती ऐकू येतं त्याचा, आलेख पाहिला. त्यात डेसिबलचा आकडा जितका मोठा तितकं कमी ऐकू येतं. उजव्या कानाची रेघ जवळपास सपाट होती. डाव्या कानाची ५००, १०००, २००० हर्ट्झपर्यंत तशीच सपाट आली आणि ४००० वर एकदम ३० डेसिबलपर्यंत खाली उतरली. ८००० ला पुन्हा वर. डॉक्टरांनी कागद माझ्याकडे फिरवला आणि विचारलं, "काय वाजवतेस?"

मी ड्रम्स वाजवते. फर्ग्युसन रस्त्यावरून चालत जाता येईल इतक्या अंतरावर आमची जॅम रूम, म्हणजे बँडच्या सरावाची खोली, आहे, बँडमध्ये आम्ही चौघं, गाणी आमचीच आणि मराठीत. शिवाय एफवायपासून मी ढोल-ताशा पथकात आहे. तपासणीच्या आदल्या दिवशी दुपारी जॅम झाला होता आणि संध्याकाळी नदीपात्रात दोन तास सराव. डावा कान का, तेही डॉक्टरांनीच सांगितलं: उजव्या हाताच्या ड्रमरचा हाय-हॅट, म्हणजे पायाने उघडझाप करायची झांजांची जोडी, डावीकडे असतो, डाव्या कानापासून हातभर अंतरावर. मोठ्या आवाजाचा मार कानाला बसतो तेव्हा त्याची पहिली खूण ४००० हर्ट्झच्या आसपासच दिसते.

त्यांनी मला दोन दिवस शांततेत राहून परत यायला सांगितलं. ते दोन दिवस मी घरात मिक्सरसुद्धा लावू दिला नाही. दुसऱ्या वेळी तीच जागा १५ डेसिबलवर आली होती. म्हणजे घसरण तात्पुरती होती. "पण असं दर आठवड्याला होत राहिलं तर एक दिवस ती परत वर येणार नाही," एवढं म्हणून त्यांनी सही केली.

हे सगळं सांगितल्याशिवाय मी इअरप्लगबद्दल का लिहितेय ते कळणार नाही. मी टीवायला आहे, विषय फिजिक्स, आणि शनिवार-रविवारी बारामतीला विमान उडवायला शिकते. व्यावसायिक परवान्याला २०० तास लागतात, माझ्या लॉगबुकात ६२ झालेत. एकेका तासासाठी बाबांनी किती खर्च केलाय ते मला पाठ आहे. परवान्यासाठी पहिल्या वर्गाची वैद्यकीय तपासणी लागते. आंतरराष्ट्रीय मानकानुसार त्यात ५००, १००० आणि २००० हर्ट्झला ३५ डेसिबलहून जास्त आणि ३००० हर्ट्झला ५० डेसिबलहून जास्त श्रवणहानी चालत नाही. ४००० या यादीत नाहीच, म्हणून कागदावर मी व्यवस्थित पास होते. पण तो खड्डा रुंदावत जातो तो ३००० च्या दिशेनेही. मला विमान सोडायचं नव्हतं आणि ड्रम्सही सोडायचे नव्हते. आईचं म्हणणं होतं, परवाना मिळेपर्यंत ढोल बंद. बाबा काहीच बोलले नाहीत, ते जास्त अवघड गेलं.

सुरुवात मी केमिस्टकडच्या फोमच्या बोंडांनी केली, तीस-चाळीस रुपयांत मिळतात ती. नीट बसली तर ती आवाज खूप कमी करतात, पाकिटावर ३० च्या आसपास आकडा असतो. अडचण अशी की ती वरच्या पट्टीतले आवाज खालच्यापेक्षा कितीतरी जास्त खातात. झांजांची चमक जाते, स्नेअरचा करकरीतपणा जातो, उरतो तो नुसता धबधब आवाज, गोधडीआडून ऐकल्यासारखा. पहिल्याच जॅमला मी हाय-हॅट ऐकू येईना म्हणून जास्त जोरात हाणत होते. आमच्या गिटारिस्टने मध्येच थांबवून विचारलं, भांडण झालंय का कुणाशी. मग एका कंपनीचे (नाव लिहीत नाही) 'खास वादकांसाठी' म्हणून विकले जाणारे प्लग ऑनलाइन मागवले. त्यातला एक तिसऱ्या आठवड्यात दांडीपासून सुटला आणि रबर कानात अडकून बसलं. ते चिमट्याने काढताना जॅम रूमच्या दादांचा हात थरथरत होता.

त्यानंतर घेतला एटिमोटिकचा ईआर २० एक्सएस. एटिमोटिक म्हणजे कानाशी इमान राखणारा, असा त्या शब्दाचा अर्थ. तीन कड्यांचं मऊ रबरी बोंड, एकावर एक छत्र्या ठेवल्यासारखं. मागे अगदी आखूड दांडी, त्यामुळे कानातून बाहेर काही डोकावत नाही. सोबत गळ्यात अडकवायची दोरी आणि छोटी डबी. अमेरिकेत जोडी वीस-पंचवीस डॉलरला मिळते. इथे येईपर्यंत भाव चढतो आणि दर महिन्याला बदलतो, म्हणून माझी रक्कम लिहीत नाही. माझ्या हिशेबात ती चार जॅमच्या माझ्या वाट्याच्या भाड्याएवढी होती.

आता फिजिक्सवाली म्हणून थोडं सांगते. कानाची नळी ही एका टोकाला बंद असलेली नळी. बासरीसारखा तिचाही स्वतःचा अनुनाद असतो, माणसात साधारण २७०० हर्ट्झच्या आसपास. म्हणजे उघड्या कानाला त्या पट्टीतले आवाज मुळातच मोठे ऐकू येतात, आणि मेंदूला त्याची जन्मापासून सवय आहे. नळीत बोळा कोंबला की हा अनुनाद नाहीसा होतो, म्हणून सगळं मंद आणि परकं वाटतं. या प्रकारच्या प्लगमध्ये आत एक बारीक वाट आणि गाळणी असते आणि ती हा अनुनाद भरून काढेल अशी बेतलेली असते. परिणामी सगळ्या पट्ट्यांतला आवाज साधारण सारखाच, वीसेक डेसिबलनी उतरतो. प्रत्यक्षात कसं वाटतं तर कुणीतरी मुख्य आवाजाची कळ खाली केल्यासारखं. राइड झांजेची घंटी घंटीच राहते. बासच्या तारेवर बोट घासल्याची खरखरही ऐकू येते.

पाकिटावरचा अधिकृत आकडा मात्र १३ आहे. तो चाचणीत माणसामाणसांतला फरक धरून काढतात, म्हणून कमी असतो. मी स्वतः हिशेब करताना २० कधीच धरत नाही, १२ धरते. अमेरिकेतल्या नायोश या संस्थेचा नियम सोपा आहे: ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास चालतात, आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला एक, ९७ ला अर्धा, १०० ला फक्त १५ मिनिटं. आमच्या जॅम रूममध्ये फोनवरचं ॲप १०० च्या आसपास दाखवतं. फोन काही प्रयोगशाळेचं यंत्र नव्हे, म्हणून हा हिशेब अंदाजेच धरा. उघड्या कानाने तिसरं गाणं संपायच्या आत माझा दिवसाचा कोटा संपलेला असतो. १२ उतरवले की ८८ राहतात, म्हणजे चार तास. आमचा जॅम दोन तासांचा असतो.

आणि हा कोटा दिवसाचा आहे, छंदाचा नाही. सकाळी बारामतीत दीड तास उडून संध्याकाळी पुण्यात वाजवलं तर दोन्ही एकाच खात्यात जमा होतं. मला हे कळायला फार वेळ लागला. तोपर्यंत विमान म्हणजे अभ्यास आणि ढोल म्हणजे गोंगाट, असंच मीही धरून चालले होते. छोट्या पिस्टन विमानाच्या कॉकपिटमध्ये ९० च्या आसपास आवाज असतो, तोही न थांबता.

तो आवाज मला आवडतो हेही सांगते. आमच्या सेसना १७२ चं इंजिन चार सिलिंडरचं, दर फेऱ्याला दोन स्फोट. पंख्याला पाती दोन. २४०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ४० फेरे, म्हणजे स्फोट आणि पाती दोन्ही ८० हर्ट्झवर. गिटारची सगळ्यात जाड तार ८२.४ वर लागते. तर आमचं विमान क्रूझमध्ये गिटारची खालची ई वाजवत जातं, किंचित उतरलेली. उड्डाणाआधी १८०० आरपीएमवर मॅग्नेटो, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारी दोन यंत्रं, तपासतात, एक बंद केला की फेरे थोडे पडतात. ते १०० ने पडले तर सूर जवळजवळ बरोबर अर्ध्या स्वराने उतरतो. काटा बघायच्या आधी मला तो ऐकू येतो. पहिल्यांदा मी हे सरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ऐक जरूर, पण आकडा काट्यावरचाच वाचायचा. तेव्हापासून मी दोन्ही करते.

हे प्लग विमानात घालावेत का, असं मला दोघातिघांनी विचारलंय. काही वैमानिक हेडसेटच्या खाली प्लग घालून इंटरकॉमचा आवाज वाढवतात, ही जुनी रीत आहे. मी घालत नाही. अजून रेडिओवरचं बोलणं माझ्या कानाला नवीन आहे. तो आवाज आधीच चेपलेला, अरुंद पट्टीतला असतो आणि व्यंजनं त्यात पुसट होतात. म्हणून तर नाइनला 'नाइनर', थ्रीला 'ट्री' आणि फाइव्हला 'फाइफ' म्हणायला शिकवतात. त्यात आणखी एक गाळणी मला नको. उतरताना हवेचा दाब वाढतो तेव्हा कान मोकळे करणं सोपं राहावं हेही एक कारण.

विमानात कानाचं रक्षण हेडसेटनेच व्हायला हवं, आणि तिथे माझं नशीब फारसं चांगलं नव्हतं. शाळेचे हेडसेट सामाईक, त्यांच्या कानावरच्या गाद्या कडक होऊन चिरा गेलेल्या. त्यात मला चष्मा. चष्म्याच्या काड्या गादी आणि कानशील यांच्यात फट पाडतात आणि खालच्या पट्टीतला आवाज, म्हणजे नेमका तोच ८० हर्ट्झ, तिथून आत घुसतो. आवाज विजेने खोडून काढणारे हेडसेट या खालच्या पट्टीवरच सगळ्यात चांगलं काम करतात. अमर बोस यांना १९७८ मध्ये विमानप्रवासात ती कल्पना सुचली आणि वैमानिकांसाठीचा त्यांचा हेडसेट १९८९ मध्ये बाजारात आला. पण तसला घ्यायचा तर माझे कितीतरी उड्डाणतास त्यात जातील. मी केलं ते इतकंच: जेलच्या नव्या गाद्या स्वतःच्या पैशाने आणल्या, दर सॉर्टीआधी, म्हणजे उड्डाणाआधी, बसवते आणि नंतर काढून पिशवीत ठेवते, आणि बारीक काड्यांचा दुसरा चष्मा केला. या दोन गोष्टींनी पडलेला फरक मोठा आहे. इंटरकॉमचा आवाज पूर्वी तीन चतुर्थांशावर असायचा, आता निम्म्यावर पुरतो.

आठवडा कसा जातो तेही सांगते, कारण प्लगचा खरा उपयोग तिथे दिसतो. शुक्रवारी प्रॅक्टिकल संपलं की स्वारगेटहून बारामतीची विनाथांबा एसटी. शनिवारी आणि रविवारी पहाटे सॉर्टी, कारण सकाळी हवा शांत असते आणि दहानंतर जमीन तापून विमान हेलकावे खायला लागतं. रविवारी दुपारी परत, संध्याकाळी सहाला जॅम. मंगळवारी आणि गुरुवारी पथकाचा सराव, तोही फक्त गणपतीच्या आधीचे दोन महिने. शुक्रवारी रात्रीचा कार्यक्रम मी घेत नाही, बँडला हे पहिल्या दिवशीच सांगितलंय. दारूचा प्रश्न येत नाही, कारण उड्डाणाआधीचे १२ तास ती कायद्यानेच बंद आहे आणि सकाळी फुंकून दाखवावं लागतं. पण जागरणाचा प्रश्न असतोच, आणि त्याला कोणतंही यंत्र नाही. गेल्या डिसेंबरात एका मोठ्या महाविद्यालयीन स्पर्धेची प्राथमिक फेरी शनिवारी आली आणि माझी पहिली लांब सोलो क्रॉस-कंट्रीही, म्हणजे एकटीने दूरच्या ठिकाणापर्यंतचं उड्डाण, त्याच शनिवारी. मी बारामतीला गेले. बँडने दुसरा ड्रमर घेऊन वाजवलं. ते मला महिनाभर लागून राहिलं, आणि त्यांना मी तसं सांगितलंही. अजूनही आम्ही चौघं एकत्र आहोत.

याच धबडग्यात जुनी एक गोष्ट थांबली. पूर्वी रविवारी रात्री अंथरुणावर पडले की कानात शिट्टी वाजायची, सोमवारी दुपारपर्यंत. मला वाटायचं हे सगळ्यांनाच होतं. प्लग घालायला लागल्यापासून तिसऱ्या रविवारी लक्षात आलं की खोली शांत आहे. पंख्याचा आवाज येतोय, रस्त्यावरून जाणारी रिक्षा ऐकू येतेय आणि मधे काहीच नाही. मी उठून बसले होते.

जॅम रूमसाठी मी हे प्लग डोळे मिटून सुचवीन. स्टेजवर थोडी सवय लागते. कानात काहीही घातलं की स्वतःचा आवाज हाडांतून आत येऊन घुमतो. बोटं कानात घालून बोलून बघा, तसंच. ड्रम्स वाजवताना मी कोरसही म्हणते, आणि पहिले दोन-तीन आठवडे माझा सूर चढा लागत होता, कारण आतून मला तो खाली वाटायचा. आता मी एका कानाचा प्लग कोरसपुरता किंचित सैल करते. नुसतं गाणाऱ्यांना हे जड जाईल. ड्रमर, बासिस्ट, गिटारिस्ट यांना काही अडचण येऊ नये.

पथकाची गोष्ट वेगळी. तिथे आवाज जॅम रूमपेक्षा कितीतरी वरचा. नदीपात्रात तो निदान पसरतो तरी, लक्ष्मी रोडवर दोन्ही बाजूंच्या इमारतींवरून परत अंगावर येतो. ढोलाचा ठोका छातीत बसतो, पण कान पोखरतो तो ताशा. कोरडा, तीक्ष्ण, सगळा वरच्या पट्टीत. अशा ठिकाणी १२ काय, २० डेसिबलही पुरत नाहीत. मिरवणुकीत सहा-सात तास वाजवायचं असेल तर मी पुन्हा साधी फोमची बोंडं घालते. तिथे झांजेची चमक जपायची गरज नसते, ताल पायातून आणि कमरेला बांधलेल्या ढोलातून कळतो, हात बदलायची खूण ध्वजाजवळच्या दादाच्या हाताकडे बघून घेते. ईआर २० मी सरावाला वापरते, तोही ताशांपासून लांबच्या रांगेत उभी असते तेव्हा. ज्यांना फक्त पथकासाठी हवेत त्यांनी हे घेऊ नयेत, पैसे वाया जातील.

घालायची पद्धत मात्र शिकून घ्या, निम्मा परिणाम त्यात आहे. उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, बोंड किंचित ओलं करायचं आणि फिरवत आत सरकवायचं. स्वतःचा आवाज घुमायला लागला की बसलं. काढताना झटका द्यायचा नाही, आधी फिरवून हवा सोडायची, नाहीतर पडद्याला ताण बसतो. कोमट साबणपाण्याने धुवा. दोन वेगवेगळ्या मापांची बोंडं सोबत येतात, दोन्ही बघा. माझा डावा कान बारीक निघाला, त्यामुळे डाव्यात एक माप आणि उजव्यात दुसरं.

यंदा जूनमध्ये पुन्हा आलेख काढला, आदल्या दिवशी जॅम करून, मुद्दाम. डावा कान ४००० ला १५. म्हणजे गेल्या वर्षी दोन दिवस शांत बसून जिथे आला होता तिथेच. पहिल्या वर्गाच्या तपासणीसाठी मला बंगळूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ एअरोस्पेस मेडिसिनला जायचंय, ते गणपतीनंतर. त्याआधी चार दिवस काही वाजवणार नाही. आईला हा कागद दाखवला. तिने तो देवघराच्या खणात ठेवला, जिथे माझा विद्यार्थी वैमानिकाचा परवाना मिळाला तेव्हा ठेवला होता.

सरावात माझ्या शेजारच्या रांगेत एक अकरावीतला मुलगा ताशा वाजवतो. हात विजेसारखा. पहिल्या आठवड्यात मी त्याला फोमची जोडी पुढे केली तर मान हलवून नाही म्हणाला, पथकातले जुने कुणी घालत नाहीत म्हणून. मी आग्रह केला नाही, फक्त माझ्या आलेखाचा फोटो दाखवला. गेल्या गुरुवारी सराव संपल्यावर भिडे पुलाजवळ गाडी काढत होते तेव्हा तो मागून आला. "ताई, ती बोंडं आहेत का अजून? काल रात्रभर कान वाजत होता." पाकीट पिशवीतच होतं. तिथेच दिव्याखाली उभं राहून मी त्याला कान मागे कसा ओढायचा ते दाखवलं.